ब्लिओमायसिन घेतलेल्या रुग्णाची भूल : ऑक्सिजनच्या मात्रेचे एक प्रकरण

१९७८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पॉल गोल्डिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात, ब्लिओमायसिन या कर्करोगावरील औषधाचा उपचार घेऊन झालेल्या पाच रुग्णांवर सर्वांगीण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली होती आणि एकापाठोपाठ एक असे ते पाचही जण शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच श्वसन निकामी होऊन दगावले होते. शस्त्रक्रिया पार पडली होती, रुग्ण भुलीतून बाहेर आले होते, आणि त्यानंतर फुफ्फुसांत पाणी साठून ती कडक होत गेली होती. पाचपैकी एक मृत्यू झाला असता तर तो दुर्दैव म्हणून नोंदला गेला असता. पाचही गेल्यावर भूलतज्ज्ञांना स्वतःच्या कामाकडे वळून पाहावे लागले.

त्यांनी जुने कागद पुन्हा तपासले तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. शस्त्रक्रियेच्या काळात या रुग्णांना श्वासावाटे मिळालेल्या वायूत ऑक्सिजनचे प्रमाण सरासरी ३९ टक्के होते आणि शिरेवाटे दिलेल्या द्रवाचे प्रमाणही बरेच होते. पुढच्या १२ रुग्णांच्या बाबतीत त्यांनी ऑक्सिजन सरासरी २४ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेच्या २१ टक्क्यांपेक्षा किंचितच वर ठेवला आणि द्रवाचा हिशेब काटेकोरपणे पाळला. बाराही रुग्ण वाचले.

भूलशास्त्रातील ऑक्सिडेटिव्ह ताणाची, म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या घातक कणांनी पेशींवर येणाऱ्या ताणाची, चर्चा पुष्कळदा रक्तातल्या रसायनांच्या आकड्यांत अडकून पडते आणि त्या आकड्यांमुळे रुग्णाचे नेमके काय झाले हा प्रश्न मागे राहतो. या प्रकरणात उलटे आहे. येथे एकही रसायन मोजले गेले नव्हते, परंतु रुग्ण जगला की गेला हे मात्र ठाऊक होते. म्हणूनच ते बारकाईने वाचण्याजोगे आहे, आणि बारकाईने वाचले तर चार दशके पाठ केलेल्या त्याच्या निष्कर्षातील कच्चे दुवेही दिसतात.

औषध कोणते आणि फुफ्फुसच का

ब्लिओमायसिन हे जपानी शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांनी १९६०च्या दशकात मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून वेगळे केले. १९७०च्या दशकात वृषणाच्या कर्करोगाच्या उपचारात क्रांती झाली, तीत या औषधाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन, विनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन एकत्र देण्यास सुरुवात केली आणि सर्वदूर पसरलेला हा कर्करोगही बरा होऊ लागला. पुढे विनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड आले. आजच्या नेहमीच्या पद्धतीत दर आठवड्याला ३० युनिट ब्लिओमायसिन दिले जाते, म्हणजे तीन फेऱ्यांत २७० आणि चार फेऱ्यांत ३६० युनिट होतात. एकूण मात्रा ४०० युनिटांच्या पुढे गेली की फुफ्फुसांना इजा होण्याची शक्यता ठळकपणे वाढते, हे जुने निरीक्षण आहे. मात्र त्याहून कमी मात्रेतही इजा झालेले रुग्ण आढळतात.

कर्करोगाच्या पेशीला मारण्यासाठी या औषधाला ऑक्सिजन लागतो, आणि या प्रकरणाची सगळी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. ब्लिओमायसिनचा रेणू लोहाच्या अणूला धरून डीएनएला चिकटतो, त्या लोहाशी ऑक्सिजन जोडला जातो आणि तयार झालेले अतिक्रियाशील संयुग डीएनएच्या पट्ट्या तोडते. या व्यवहारात सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिलसारखी मुक्त मूलकेही, म्हणजे आसपासच्या रेणूंवर तुटून पडणारे अतिक्रियाशील कण, बाहेर पडतात. बहुतेक अवयवांत ब्लिओमायसिन हायड्रोलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते व ते औषधाला निष्क्रिय करते, परंतु फुफ्फुसांत आणि त्वचेत ते फार कमी असते. शरीरातील ज्या अवयवात ऑक्सिजनचा दाब सर्वांत जास्त, त्याच अवयवात या औषधाला आवरणारे विकर सर्वांत तोकडे, अशी ही गाठ पडते. त्यात औषधाचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडांवाटे होतो आणि सोबत दिलेले सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांनाच इजा करते, त्यामुळे औषध अपेक्षेपेक्षा अधिक काळ शरीरात रेंगाळू शकते. वाढते वय, धूम्रपान आणि छातीला दिलेले किरणोपचार यांनी धोका आणखी वाढतो.

ऑक्सिजन स्वतःच विषारी ठरू शकतो, ही कल्पना १९७८ साली नवी नव्हती. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमुळे प्राण्यांची फुफ्फुसे सुजतात हे लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्येच दाखवले होते. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांमागे मुक्त मूलकांची एकच यंत्रणा आहे असे मांडले, आणि १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडला शमवणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर ओळखले. निरोगी पेशीतही श्वसनाच्या ओघात थोडी मुक्त मूलके तयार होतच असतात. ही विकरे आणि ग्लुटाथायोनसारखी संयुगे त्यांना आटोक्यात ठेवतात. निर्मिती आणि शमन यांचा हा तोल निर्मितीकडे झुकला की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. ब्लिओमायसिन घेतलेल्या फुफ्फुसात हा तोल आधीच ढळलेला असतो, आणि भुलीच्या काळात जादा ऑक्सिजन दिल्यास तो आणखी ढळेल, हे अनुमान त्यामुळे तर्काला धरून होते. काही वर्षांनी हॅमस्टरवर झालेल्या प्रयोगांत ब्लिओमायसिननंतर ७० टक्के ऑक्सिजनात ठेवलेल्या प्राण्यांच्या फुफ्फुसांना अधिक गंभीर इजा झाली, तेव्हा या अनुमानाला बळ मिळाले.

पॅराक्वाट या तणनाशकाची विषबाधा आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांच्या परिचयाची आहे. तेथेही ऑक्सिजन हाताशी असून तो आखडता हात ठेवूनच द्यावा लागतो, कारण पॅराक्वाटसुद्धा ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार करत राहते आणि फुफ्फुसात साठते. त्या रुग्णांची फुफ्फुसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ब्लिओमायसिनची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

२४ टक्के म्हणजे नेमके काय करावे लागले

आज भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर रुग्णाच्या बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा सतत असतो. त्यामागचे तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले होते, परंतु शस्त्रक्रियागृहात ते उपकरण सर्रास वापरले जाऊ लागले १९८०च्या दशकात. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या १२ रुग्णांचा ऑक्सिजन जवळजवळ हवेच्या पातळीवर आणताना भूलतज्ज्ञांना धमनीतील रक्त काढून प्रयोगशाळेकडे पाठवावे लागत होते आणि उत्तर येईपर्यंत रुग्णाच्या रंगावर, नाडीवर व स्वतःच्या अनुभवावर विसंबावे लागत होते. भूल देताना ऑक्सिजन कमी पडून रुग्ण दगावण्याची भीती ही या व्यवसायातली सर्वांत जुनी भीती आहे. तिच्या विरुद्ध दिशेने जाण्याचे धैर्य पाच मृत्यूंनीच दिले असावे असे मला वाटते.

यंत्राचाही प्रश्न असतो. आपल्याकडे अजूनही अनेक छोट्या रुग्णालयांतील भूल देण्याच्या बॉइल यंत्रावर ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड या दोनच वायूंची सोय असते. वैद्यकीय हवेची नळी नसते. अशा यंत्रावर ऑक्सिजन कमी करायचा म्हणजे नायट्रस ऑक्साइड वाढवायचा, आणि नव्या यंत्रांतील सुरक्षा-कडी ऑक्सिजनला साधारण २५ टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही. नायट्रस ऑक्साइडही निरुपद्रवी नाही. ते बी-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून मेथिओनिन सिंथेज हे विकर निकामी करते आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाला हातभार लावणारे होमोसिस्टीन रक्तात वाढवते. एका बाजूचा ऑक्सिडेटिव्ह ताण टाळताना दुसऱ्या वाटेने तो ओढवून घेण्याचा हा प्रकार होतो. म्हणून ब्लिओमायसिनचा रुग्ण हवेची सोय असलेल्या यंत्रावरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निष्कर्षातील फट

गोल्डिनर यांच्या निबंधातून पुढील पिढ्यांनी जे उचलले ते एका वाक्यात मावणारे होते : ब्लिओमायसिन घेतलेल्याला जास्त ऑक्सिजन देऊ नका. पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांच्या उत्तरांत ते वाक्य स्थिरावले. परंतु मूळ कामात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. ऑक्सिजन घटवला होता, तसाच द्रवही आवरला होता. पाच आणि बारा हे दोन गट एकाच काळातले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. आधीचे पाच रुग्ण दगावल्यानंतरच पुढच्या बारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले गेले होते, आणि अशा दक्षतेचा स्वतःचाही परिणाम असतो. शिवाय ३९ टक्के हे प्रमाण कुठल्याही भूलतज्ज्ञाला जास्त वाटणारे नाही. भूल देण्यापूर्वी मुखवट्यातून काही मिनिटे १०० टक्के ऑक्सिजन देणे हा नित्याचा भाग आहे, आणि शस्त्रक्रियेच्या ओघात ४० ते ५० टक्के ऑक्सिजन चालू असणे हेही नित्याचेच.

ही फट १९९८ मध्ये डोनाट आणि लेव्ही यांच्या कामातून अधिक स्पष्ट झाली. त्यांनी ब्लिओमायसिन घेतलेल्या ७७ रुग्णांवरील ९७ मोठ्या शस्त्रक्रियांचा आढावा घेतला आणि फुफ्फुसांच्या त्रासाशी सर्वांत घट्ट नाते शिरेवाटे दिलेल्या द्रवाचे व रक्ताचे आढळले. ऑक्सिजनवर कडक बंधन घालणे आवश्यक नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांचे अस्तर औषधाने आधीच दुखावलेले आहे, त्यात जादा सलाइन ओतले की पाणी वायुकोशांत झिरपणार, हे समजण्यासाठी मुक्त मूलकांची गरज नाही. वृषणाच्या कर्करोगात पोटाच्या मागील भागातल्या लसीका ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, मोठा भाग उघडा राहतो, रक्त जाते आणि रक्तदाब सांभाळण्यासाठी सलाइनची बाटली नकळत वेगाने संपते. ज्याने ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली आहे त्याला डोनाट आणि लेव्ही यांचे निरीक्षण पटकन पटते.

म्हणून गोल्डिनर चुकले होते का? मला तसे वाटत नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. वाचणाऱ्यांनी त्यातली ऑक्सिजनची गोष्ट लक्षात ठेवली आणि द्रवाची विसरली. आणि दोन्ही कारणे एकमेकांपासून तोडता येतील इतकी वेगळी आहेत का, हाही प्रश्न आहे. ऑक्सिडेटिव्ह ताणाने केशवाहिन्यांचे अस्तर गळके होते, गळक्या अस्तरातून द्रव झिरपतो, द्रव साठला की रक्तातील ऑक्सिजन घसरतो, आणि तो घसरल्यामुळे डॉक्टरला मुखवट्यातला ऑक्सिजन वाढवावाच लागतो. या फेऱ्यात पहिला धक्का कोणी दिला हे शवविच्छेदनातही सांगता येत नाही.

भुलीच्या औषधांचा वाटा

सर्वांगीण भूल दिल्याने ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो की कमी होतो, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा बहुतेकांच्या मनात औषधे असतात. शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलच्या रेणूत फिनॉलचा गट आहे आणि त्याची रचना ई जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती असल्यामुळे परीक्षानळीत ते मुक्त मूलके शमवते. श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या सेव्होफ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन यांची गंमत निराळी आहे : ती थोडी मुक्त मूलके निर्माण करतात आणि त्या सौम्य धक्क्यामुळे हृदयाच्या पेशी पुढच्या मोठ्या धक्क्यासाठी सज्ज होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मात्र रुग्णाच्या शरीरात हे परिणाम इतर गोष्टींच्या मानाने लहान असतात. शस्त्रक्रियेत एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू होणे, जखमेवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी, रक्तसंक्रमण, आणि श्वासावाटे दिलेला ऑक्सिजन हे मोठे घटक आहेत. यांपैकी ऑक्सिजन पूर्णपणे भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. म्हणून प्रोपोफॉल की सेव्होफ्लुरेन या वादापेक्षा ऑक्सिजनच्या नळीवरची चकती किती फिरवली हा प्रश्न ब्लिओमायसिनच्या रुग्णासाठी अधिक मोलाचा आहे.

ही गोष्ट मोजूनही पाहिली गेली आहे. लिपिडांच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारी एफ-टू आयसोप्रोस्टेन ही संयुगे ताणाचा विश्वसनीय माग मानली जातात. जुन्या अभ्यासांत वापरलेले मॅलॉनडायअल्डिहाइडचे मापन त्या मानाने ढोबळ आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात हृदयशस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले गेले. एका गटाला १०० टक्के ऑक्सिजन दिला, दुसऱ्याला रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता ९५ ते ९७ टक्के राहील इतकाच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात जादा ऑक्सिजनच्या गटात ऑक्सिडेटिव्ह ताणाचे मापक वाढलेले आढळले. मूत्रपिंडांना झालेल्या इजेत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ताण वाढला आणि रुग्णाचे काही बिघडले नाही, असे दोन्ही एकाच अभ्यासात दिसले. निरोगी फुफ्फुसांच्या माणसाला हा वाढीव ताण पचवता येत असेल. ज्याची शमनयंत्रणा औषधाने आधीच खिळखिळी केली आहे त्याला तो पचेल, असे या निकालावरून म्हणता येत नाही, कारण तसे रुग्ण त्या अभ्यासाचा विषयच नव्हते.

दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जखमेतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठी, श्वासनलिकेत नळी घालून सर्वांगीण भूल दिलेल्या प्रौढ रुग्णांना ८० टक्के ऑक्सिजन देण्याची ठाम शिफारस केली आणि आक्षेपांनंतर २०१८ मध्ये ती सौम्य केली. डेन्मार्कमधील १४ रुग्णालयांत झालेल्या १४०० रुग्णांच्या प्रॉक्सी चाचणीत ८० टक्के ऑक्सिजनमुळे जंतुसंसर्ग घटला नव्हता : ८० टक्क्यांच्या गटात १९.१ टक्के, ३० टक्क्यांच्या गटात २०.१ टक्के. त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला असता ८० टक्क्यांच्या गटात २३.२ टक्के आणि ३० टक्क्यांच्या गटात १८.३ टक्के मृत्यू आढळले, आणि हा फरक मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांत होता. त्याचे कारण सिद्ध झालेले नाही. तरीही रुग्णालयाने सर्वांसाठी म्हणून ८० टक्क्यांचा नियम भिंतीवर लावला, तर ब्लिओमायसिनचा रुग्ण त्या नियमाच्या कचाट्यात सापडेल, याची मला खरीखुरी काळजी वाटते.

आज असा रुग्ण समोर आल्यास

पूर्वतपासणीत औषधाची एकूण मात्रा, शेवटची मात्रा कधी घेतली, मूत्रपिंडांची स्थिती आणि धूम्रपान विचारले जाते. कोरडा खोकला, चढावर लागणारी धाप आणि फुफ्फुसांच्या तळाशी ऐकू येणारी चरचर यांकडे लक्ष दिले जाते. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसण्याआधी वायूंच्या देवाणघेवाणीची क्षमता मोजणाऱ्या चाचणीत घट दिसू शकते. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूवर १९९६ मध्ये इंडियानातच उपचार झाले तेव्हा त्याची फुफ्फुसे जपण्यासाठी ब्लिओमायसिन वगळून दुसरे औषध निवडले गेले होते, हे सर्वश्रुत आहे. ज्यांना ते वगळता आले नाही त्यांच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला जपावे लागते.

भुलीपूर्वी मुखवट्यातून दिलेला काही मिनिटांचा १०० टक्के ऑक्सिजन बहुतेक भूलतज्ज्ञ आवश्यक मानतात, कारण नळी घालताना अडचण आल्यास तोच साठा जीव वाचवतो. नळी बसल्यावर मात्र हवा मिसळून प्रमाण उतरवले जाते आणि संपृक्तता नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात राहील इतकाच ऑक्सिजन ठेवला जातो. रक्तदाब उतरला तर लगेच सलाइन न वाढवता रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधांचा विचार होतो, आणि रक्त द्यायचे ते खरोखर लागले तरच. मध्येच संपृक्तता घसरली तर ऑक्सिजन वाढवावाच लागतो. नव्वदीच्या खाली जाणारा रुग्ण ब्लिओमायसिनच्या भीतीपोटी तसाच ठेवणे हा सरळ गुन्हा आहे.

चूक होण्याची जागा मला शस्त्रक्रियागृहापेक्षा त्यानंतरच्या खोलीत अधिक दिसते. रुग्ण बाहेर आला की परिचारिका सवयीने मुखवटा लावते आणि मिनिटाला पाच-सहा लिटर ऑक्सिजन सुरू करते. इतर सर्व रुग्णांसाठी ते योग्यच असते. म्हणून ऑक्सिजन कोणत्या संपृक्ततेला सुरू करायचा आणि कोणत्या संपृक्ततेला बंद करायचा, हे औषधांच्या तक्त्यावर स्वतंत्र ओळीत, सहीनिशी लिहावे लागते.

हॉजकिन लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगावरील एबीव्हीडी या चार औषधांच्या उपचारातही ब्लिओमायसिन असते. तरुण वयात मुंबईत उपचार घेऊन बरा झालेला असा माणूस आपल्या गावी परततो आणि काही वर्षांनी हर्नियासाठी किंवा मोडलेल्या हाडासाठी तालुक्याच्या रुग्णालयात दाखल होतो. धोका किती वर्षे टिकतो याबद्दल भूलतज्ज्ञांत एकमत नाही. काही जण एका वर्षानंतर निश्चिंत होतात, काही जण आयुष्यभर सावध राहतात. त्या तालुक्याच्या भूलतज्ज्ञासमोर मोठी फाइल नसते. रुग्णाच्या पाकिटात घडी करून ठेवलेला एक कागद असावा, ज्यावर औषधाचे नाव, एकूण युनिट आणि शेवटच्या मात्रेची तारीख मराठीत लिहिलेली असेल. उपचार संपवून घरी पाठवतानाच तो रुग्णाच्या हातात द्यायला हवा.